जिभेची डावी कड

या गोष्टीचा पहिला अर्धा भाग आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दुसरा अर्धा माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेला नाही. नवऱ्याला सांगितला नाही, मुलीला नाही, आणि ज्या देवापुढे रोज दिवा लावते त्यालाही नाही. त्याला आपलं आपण कळलं असेल, तर तो गप्प का राहिला हे त्याचं त्याला माहीत.

पहिला भाग मूर्खपणाचा आहे, म्हणून सांगायला सोपा. मूर्खपणा माणूस हसत कबूल करतो, नाही का? पुढचं मात्र —

थांबा. क्रमानं सांगते. नाहीतर पुन्हा उठून चहा टाकायला जाईन.

मी नाशकात एका धर्मादाय दवाखान्यात दातांच्या विभागात होते. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालची. मुंबईत दोन वर्षं शिकून डेंटल हायजिनिस्ट झाले होते. सत्तरीचं दशक संपत आलेलं, हा शब्द आमच्या आळीत कुणाला धड उच्चारता यायचा नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून लोकांचे दात घासते." आणि मी ऐकते आहे अशी खात्री करून पुढे म्हणायच्या, "घरची भांडी मीच घासते."

चोवीस वर्षांची होते. पांढऱ्या कोटाला इस्त्री इतकी कडक की बाही वाकवताना आवाज यायचा. दवाखान्याच्या काचेच्या कपाटात स्वतःला बघत बघत चालायची ती बाई. आज ती मला रस्त्यात भेटली, तर मी ओळख दाखवणार नाही.

आम्हांला शिकवलं होतं की दात नंतर, आधी तोंड. म्हणजे दातांना हात लावण्यापूर्वी तोंडातला सगळा मऊ भाग बघायचा. ओठ उलटून बघायचे, गालांची आतली बाजू, टाळू. मग गॉजच्या तुकड्यात जिभेचं टोक धरून ती हलकेच बाहेर ओढायची, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि दोन्ही कडा पार मागपर्यंत बघायच्या. शेवटी एक बोट जिभेखाली आणि दुसरा हात बाहेरून हनुवटीखाली, मधला भाग चाचपायचा. हातमोजे तेव्हा फक्त ऑपरेशनला. आमची बोटं डेटॉलच्या पाण्यात बुडून बुडून सुरकुतलेली असायची. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. दुखत नाही, रक्त येत नाही. पेशंटला वाटतं, बाई उगाच तोंडात डोकावतेय.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात अंबडच्या एका नव्या कारखान्यातला फिटर दात साफ करून घ्यायला आला. मी त्याची जीभ धरली आणि जरा जास्तच ओढली. उत्साह! तर जिभेच्या मुळाशी, घशाजवळ, आठ-दहा गोल गोल उंचवटे. रांगेत. तशीच त्याची जीभ हातात धरून मी ओरडले, "सर! गाठी! दहा गाठी!"

डॉक्टर आले. बॅटरी मारून बघितलं. मग शांतपणे मला म्हणाले, "तुमची जीभ काढा." मी काढली. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला. माझ्या जिभेच्या मुळाशी तेच उंचवटे. त्याच रांगेत. तुमच्याही आहेत — जा, बघा आरशात. सगळ्यांना असतात. पुस्तकात त्यांचं चित्र होतं, चित्राखालचं नाव मी लाल शाईनं अधोरेखितसुद्धा केलं होतं. पण पुस्तकातली जीभ कोरडी असते. खरी जीभ ओली असते, हलते, आणि तिच्या मागून एक माणूस तुमच्याकडे बघत असतो.

फिटर बिचारा घामानं भिजला होता. म्हणाला, "मॅडम, मी तर मनातल्या मनात बायकोचा निरोपपण घेतला."

अख्खा विभाग हसला. आया शेवंतामावशी भिंतीला टेकून हसल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पडलं गाठीबाई. डॉक्टर रोज सकाळी दारातूनच विचारायचे, "काय गाठीबाई, आज किती सापडल्या?" वाईट माणूस नव्हता तो. विनोद मात्र एकच होता त्याच्याकडे, आणि तोही जपून वापरायचा नाही.

हा पहिला भाग. नातवंडांना फार आवडतो. धाकटी नात फिटर होते, मी गाठीबाई होते, थोरला डॉक्टरांचा आवाज काढतो. हशा होतो. सगळ्यांना वाटतं गोष्ट संपली. मीही तसंच वाटू देते.

पण त्या नावाचं मला काय झालं, हे मी कुणाला सांगितलं? रोज सकाळी दारात पाऊल टाकताना कान तापायचे. इतर मुली हसायच्या, मीही हसायचे — सगळ्यांत मोठ्यानं. आणि मनाशी एक ठरवून टाकलं होतं, न बोलता, की पुन्हा म्हणून "सर, हे बघा" असं म्हणायचं नाही. अगदी खात्री असल्याशिवाय नाही. आणि खात्री कधी असते हो चोविसाव्या वर्षी?

मग गयाबाई आली.

सायखेड्याची. चाळिशीच्या आतबाहेरची, शेतकऱ्याची बायको. दर बुधवारी एसटीनं भाजीच्या पाट्या घेऊन नाशकात यायची आणि गोदावरीच्या काठी बाजारात बसायची. मी तिच्याकडूनच भाजी घ्यायचे, म्हणून ओळख. भाजीपेक्षा तिच्या तोंडासाठीच लोक थांबायचे. कुणी फार घासाघीस केली की म्हणायची, "अहो, पालकाची जुडी हाय ती, नवरदेव नाय, एवढी काय बोलनी करता!" एकदा मलाच भर बाजारात म्हणाली, "ताई, गवार निवडून काय घेता, तुमच्या सासूबाईंनी काय तुम्हांला निवडून घेतलं व्हतं का?" आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या. मला राग यायला हवा होता, आला नाही. तिनं हसवलं की माणूस लहान होत नसे, मोठं होत असे. डॉक्टरांच्या हसवण्यात आणि तिच्यात हा फरक होता, आणि तो मला तेव्हाही कळत होता.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून मीच तिला म्हटलं, बाजार उरकला की दवाखान्यात या. आली. दात काळे — मिश्री. जळलेल्या तंबाखूची ती पूड सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांवर घासायची, आमच्याकडच्या कितीतरी बायकांना लागतेच. त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. खुर्चीत बसली, तोंड उघडलं, आणि लगेच मिटून म्हणाली, "तोंड उघडं ठिवून गप बसायचं व्हय? हे आमच्या मालकांना सांगू नका हां. रोज आनून बसवतील."

मी हसत हसत तपासायला लागले. ओठ. गाल. टाळू. मग ती म्हणाली की डावीकडून चटणी लागली की चरचरतं. मी गॉजनं जीभ धरली, उजवीकडे ओढली आणि डावी कड बघितली.

मागे, दाढेच्या जवळ, एक पांढरा डाग होता. तुरीच्या डाळीएवढा. चुना उडून भिंतीवर वाळावा तसा. मी गॉजनं पुसला. गेला नाही. पुन्हा पुसला. मग त्यावर बोट ठेवलं. तिथे सगळं मऊ असायला हवं. माझ्या बोटाला काहीतरी घट्ट लागलं, मळलेल्या कणकेत मिठाचा खडा राहून गेला की लागतो ना, तसं.

मला कळलं होतं का? हाच प्रश्न मी इतकी वर्षं वेगवेगळ्या आवाजांत स्वतःला विचारते आहे. कधी वकिलासारखा, कधी आईसारखा. उत्तर एकच येतं. बोटाला कळलं होतं.

डॉक्टर पलीकडे, पडद्याच्या त्या बाजूला. त्या दिवशी त्यांचे कुणी जुने मित्र आलेले, तेही डॉक्टर. चहा चालला होता. आणि काय योग — मी जीभ हातात धरून उभी असतानाच पडद्याआडून आवाज आला, "आमच्याकडे एक गाठीबाई आहे, तुला दाखवतो थांब." आणि दोघांचं हसणं.

खुर्चीपासून त्या पडद्यापर्यंत बारा पावलं होती. मी नंतर मोजली. पुष्कळदा मोजली. बाराच.

मी गेले नाही.

मी स्वतःला सांगितलं, जिभेची कड मागे सगळ्यांचीच खडबडीत असते. हेही खरंच आहे, पुस्तकात आहे. सांगितलं की दाढेचं टोक लागत असेल. सांगितलं की मिश्रीनं होतं असं कधी कधी. तीन कारणं! खऱ्या गोष्टीला एक पुरतं. केसपेपरवर छापील रांग होती — ओठ, गाल, टाळू, जीभ, जिभेखालचा भाग. प्रत्येकापुढे मी बरोबरची खूण केली. जिभेपुढेही केली. खूण म्हणजे बघितलं, ठीक आहे. मग दात साफ केले आणि म्हटलं, "मिश्री सोडा, मिठाच्या पाण्यानं चुळा भरा, बरं वाटेल."

"मिश्री सोडू?" गयाबाई म्हणाली. "ताई, त्यापरीस मालक सोडायला सांगा, लगीच सोडते." आणि मला कोथिंबिरीची जुडी देऊन गेली.

महिन्यानं या म्हटलं होतं, ती आली नाही. भाजीचे दिवस, कोण येतं? पण मी जाऊ शकत होते. दर बुधवारी ती तिथेच बसलेली असायची, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. चालत. बोलावूनच आणायचं होतं ना, "चला जरा, पुन्हा एकदा बघू" एवढंच तर म्हणायचं होतं. मी काय केलं माहीत आहे? मी भाजी दारावर घ्यायला लागले. सासूबाई म्हणाल्या, बाजारातली गवार चांगली असायची. मी म्हटलं, वेळ मिळत नाही.

यातही मला वाटायचं, मी काही वाईट केलेलं नाही. केलेलं नाही, हेच तर केलं होतं मी.

वर्ष होत आलं, दिवाळी होऊन गेली, आणि ती नवऱ्याबरोबर आली. पदर तोंडावर घट्ट धरलेला. कान दुखतो म्हणत होती. गळ्याला, जबड्याखाली, मला दुरूनही दिसेल एवढी गाठ. एक थट्टा केली नाही तिनं. त्या न केलेल्या थट्टेनंच मला घाम फुटला. डॉक्टरांनी तोंड बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वर न करता म्हणाले, "यांचा जुना केसपेपर काढा."

जुने कागद मागच्या खोलीत, वर्षावार गठ्ठे बांधून ठेवलेले. मी गठ्ठा सोडला. कागद सापडला. माझं अक्षर, माझ्या पाच खुणा, आणि शेवटी 'शेरा' म्हणून एक रिकामी ओळ.

मी पुढे जे सांगणार आहे — बघा, लिहिता लिहिता हात थांबला.

डाग न दाखवणं हा भित्रेपणा होता. भित्रेपणाला माणसं माफ करतात, मीही कदाचित स्वतःला केलं असतं. पण मी कोटाच्या खिशातून पेन काढलं. त्या रिकाम्या ओळीत लिहिलं, "जिभेच्या डाव्या कडेस पांढरा डाग. डॉक्टरांना दाखवून घेण्यास सांगितले. रुग्णाची तयारी नाही."

अक्षर सुंदर आलं. शाई वाळावी म्हणून मी फुंकर घातली, तापलेल्या दुधावर घालतो तशी, हळूच. मग गठ्ठा पुन्हा नीट बांधला आणि कागद नेऊन दिला.

डॉक्टरांनी तो मोठ्यानं वाचला. नवरा आधी माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे वळला. "ताईंनी सांगितलं व्हतं न तुला? मंग घरी का नाय बोलली? गावाला अक्कल शिकवती, सोताचं कळंना व्हय?"

गयाबाई म्हणाली, "नाय वं... मला तं त्या काय..." आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. विचारल्यासारखं. एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवत नसलं की घरातल्या माणसाकडे आपण बघतो, तसं.

मी खाली बघितलं.

"कागद खोटं बोलतो का, बाई?" डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, "शाबास. तुम्हांला तेव्हाच दिसलं होतं. मला हाक मारायला हवी होती, पण पेशंट ऐकत नसेल तर तुम्ही तरी काय करणार?"

त्या दिवसापासून गाठीबाई हे नाव बंद झालं. 'आमच्या बाईंची नजर' असं म्हणायला लागले ते. पुढे नव्या मुली शिकायला यायला लागल्या, त्यांना तोंड तपासायला मी शिकवायचे. सांगायचे, "शंका आली की लाजू नका. चुकलात तर लोक हसतील. हसू द्या. चालत जा आणि हाक मारा." मुली वहीत लिहून घ्यायच्या. म्हणायच्या, मॅडम किती मनापासून शिकवतात.

गयाबाईला मुंबईला नेलं. अर्धी जीभ काढली, गळ्यातल्या गाठी काढल्या, मग किरणांचा शेक दिला. नंतर तोंड कोरडं पडतं, दात किडतात, म्हणून दर महिन्याला दात आणि तोंड बघून घ्या असं तिथून लिहून दिलं होतं. ती माझ्याकडेच यायची. दुसऱ्या मुलीकडे बसायची नाही.

बाजारातली जागा सुटली नव्हती. पण आता पुढे तिची जाऊ बसायची आणि गयाबाई मागे जुड्या बांधत असायची. मी पुन्हा तिच्याकडे भाजी घ्यायला लागले होते. नवीन गिऱ्हाइकं जावेला विचारायची, "ही मुकी आहे का?"

आणि महिन्यातून एकदा ती खुर्चीत बसायची, मी "आ करा" म्हणण्याआधी तोंड उघडायची. ओठ, गाल, टाळू. जीभ धरायला गॉज घ्यायचे आणि धरायला फारसं काही नसायचं. डावी कड नव्हतीच. तिथे गुळगुळीत, ओढल्यासारखी कातडी. मी तिच्यावर बोट ठेवायचे. दर वेळी ठेवायचे, दोन मिनिटांच्या जागी दहा मिनिटं. ती निमूट बसायची. माझ्या हातावर तिचा इतका विश्वास होता की कधी कधी डोळे मिटून घ्यायची.

आजही कुणी खदखदून हसलं, की माझी नजर त्याच्या जिभेच्या डाव्या कडेला जाते. माझ्याच नातीच्या हसण्यात मी डाग शोधते. सकाळी चूळ भरताना माझी जीभ आपोआप आपली डावी बाजू दातांवर घासून बघते. पन्नास वर्षं होतील लवकरच. ती अजून मऊ आहे. अजून शाबूत आहे. आणि भरपूर बोलते — एवढं एक सोडून.

त्या महिन्याच्या तपासण्यांतच एकदा ठरवलं होतं, की गयाबाईला सांगायचं. डॉक्टर बाहेर गेले होते, शेवंतामावशी पाणी आणायला. खोलीत आम्ही दोघीच. मी आरसा खाली ठेवला आणि म्हटलं, "गयाबाई, तो कागद होता ना... त्याच्यावर मी —"

तिनं माझं मनगट धरलं. बोलायला लागली. अर्धी अक्षरं तोंडात हरवायची, लाळ गळायची, ती पदरानं पुसून पुन्हा सुरुवात करायची. इतरांना तिचं कळत नसे. मला तोवर सगळं कळायला लागलं होतं.

त्यावर मी काय केलं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी तिचं तेवढं राहील. मी मान हलवली. हो म्हणून. मग आरसा उचलला आणि तिचं राहिलेलं तोंड तपासलं. पुढच्या वर्षी गळ्यात पुन्हा गाठ आली आणि सायखेड्यात, आपल्या घरी, ती गेली. मी गेले नव्हते.

ती म्हणाली होती ते हे, तिच्या शब्दांत, जसंच्या तसं:

"ताई, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. कागदावर हाय म्हंजी तुम्ही सांगितलंच आसंल. म्याच आयकलं नसंल. मला मेलीला बोलायचीच लय घाई."